धोकादायक विषाणूंवर काम करायचंय? पहिल्या पिपेटपासून हवेच्या सूटपर्यंतची वाट

इबोला, मारबर्ग, निपाह, लासा ही नावं ऐकून विषाणूशास्त्राकडे ओढली जाणारी मुलंमुली पुष्कळ असतात. प्रत्यक्ष त्या विषाणूची कुपी हातात येईपर्यंत मात्र बहुतेकांची आठ ते बारा वर्षं जातात, आणि त्यांतली बरीचशी निरुपद्रवी विषाणू, पेशींच्या बाटल्या आणि नोंदवह्या यांच्या सोबतीत जातात. हा काळ टाळता येत नाही आणि टाळूही नये. सगळ्यांत कडक बंदोबस्ताच्या प्रयोगशाळेत कुणाला सोडायचं हे ठरवताना वरिष्ठ मंडळी शोधनिबंध बघतातच, पण त्याआधी हात बघतात. घाई होते का, थकल्यावर क्रम चुकतो का, चूक झाली तर त्याच क्षणी तोंडातून निघते का? या लेखात त्या हातांची तयारी कशी करायची ते सांगितलं आहे.

कुठला विषाणू कुठल्या दारामागे

जैवसुरक्षेच्या चार पातळ्या आहेत, बोलताना त्यांना बीएसएल-1 ते बीएसएल-4 म्हणतात. गोवर, डेंग्यू, हिपॅटायटिस बी यांचं काम दुसऱ्या पातळीवर चालतं. पीतज्वर, रिफ्ट व्हॅली ताप, सार्स किंवा कोविडच्या विषाणूचं कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत तो वाढवणं, तिसऱ्या पातळीवर. चौथ्या पातळीवर इबोला, मारबर्ग, लासा, निपाह, हेंड्रा असे विषाणू येतात. त्यांचा मृत्यूदर मोठा आहे, आणि लस किंवा खात्रीचं औषध नाही किंवा फार अलीकडे आलं आहे. देवीचा विषाणू या सगळ्यांहून वेगळा. तो अधिकृतपणे जगात दोनच ठिकाणी ठेवलेला आहे, अमेरिकेत अटलांटाला आणि रशियात कोल्त्सोवोला.

पातळी ही विषाणूच्या कपाळावर कोरलेली नसते. क्रिमियन-काँगो रक्तस्रावी तापाचा विषाणू काही देश चौथ्या पातळीवर हाताळतात, तर जिथे तो आजार नेहमीचाच आहे तिथे काही ठिकाणी तिसऱ्या पातळीवर. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रयोगशाळा जैवसुरक्षा नियमावलीची चौथी आवृत्ती 2020 साली आली. तिचा भर ठरीव पातळ्यांपेक्षा त्या-त्या कामातल्या धोक्याच्या मोजमापावर आहे. मुलाखतीत हे नक्की विचारतात. निष्क्रिय केलेल्या नमुन्यावर पीसीआर (विषाणूच्या जनुकाच्या असंख्य प्रती करून तो ओळखण्याची चाचणी) करणं आणि त्याच विषाणूचं मोठ्या प्रमाणात कल्चर करणं या दोन कामांत धोका कुठे आणि किती बदलतो, हे तुम्हाला कारणांसह सांगता आलं पाहिजे.

चौथ्या पातळीच्या प्रयोगशाळा जगभरात पन्नासच्या आसपास आहेत. लियाँ, हॅम्बुर्ग, मारबर्ग, विनिपेग, गॅल्व्हेस्टन, जीलाँग, जोहान्सबर्ग, पुणे, वुहान ही त्यांतली काही ठिकाणं. जागा इतक्या थोड्या असल्यामुळे गाव बदलायची, बहुधा देशही बदलायची तयारी सुरुवातीपासून ठेवावी लागते.

कुठल्या दारानं यायचं

सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा जीवरसायनशास्त्रातली पदवी, मग पदव्युत्तर, मग पीएचडी ही सर्वांत मळलेली वाट आहे. डॉक्टर होऊन संसर्गरोगांकडे वळलेले लोक रुग्णांच्या नमुन्यांवर आणि औषधांच्या चाचण्यांवर काम करतात. पशुवैद्यकांची वाट अनेकांच्या लक्षातच येत नाही, आणि तिची गरज मात्र मोठी आहे. या विषाणूंपैकी बहुतेक प्राण्यांतून येतात आणि बंदिस्त, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या पातळीच्या, प्रयोगशाळेत प्राण्यांवर सुरक्षितपणे काम करू शकणारी माणसं नेहमीच कमी पडतात.

आणखी दोन वाटा आहेत. संगणकावर जनुकक्रम वाचणारे लोक जिवंत विषाणूला हात न लावताही साथीची दिशा सांगतात. 2015 साली गिनीमध्ये इबोलाच्या साथीत सामानाच्या पेट्यांतून नेलेल्या प्रयोगशाळेत, हातात मावणाऱ्या नॅनोपोर सिक्वेन्सर या यंत्रावर विषाणूचे जनुकक्रम जागेवरच वाचले गेले. दुसरी वाट जैवसुरक्षा अधिकारी आणि बंदिस्त इमारतीची यंत्रणा सांभाळणारे अभियंते यांची. हवेचा दाब, फिल्टर, सांडपाण्याची उष्णतेनं होणारी निर्जंतुकी हे सगळं त्यांच्या भरवशावर चालतं आणि आतला शास्त्रज्ञ त्यांच्याच जिवावर आत उभा असतो.

पदवीच्या काळात एक विषय हटकून पक्का करा: संख्याशास्त्र. बंदिस्त प्रयोगशाळेतला प्रत्येक प्रयोग महाग आणि थकवणारा असतो. किती प्राणी, किती पुनरावृत्ती लागतील हे आधी हिशेबानं ठरवता आलं नाही, तर आत घालवलेले महिने फुकट जातात.

पहिली दोन-तीन वर्षं: हात घडवायचे

सुरुवात पिपेटपासून, म्हणजे द्रव मोजून उचलायच्या नळीपासून, करा. रोज काम सुरू करण्याआधी तराजूवर शुद्ध पाण्याचे 100 मायक्रोलिटरचे दहा थेंब तोलून पहा. प्रत्येकाचं वजन 100 मिलिग्रॅमच्या जवळ आलं पाहिजे. एखादा सारखा कमी भरत असेल तर टिप नीट बसलेली नाही, नाहीतर अंगठा झटक्यानं सुटतोय. हाच झटका पुढे महागात पडतो. पिपेटचं बटण जोरात सोडलं की द्रवात बुडबुडे येतात, बुडबुडा फुटला की डोळ्यांना न दिसणारे तुषार हवेत जातात, आणि प्रयोगशाळेतल्या संसर्गाचं मोठं कारण हे तुषारच असतात. त्यामुळे बटण सावकाश दाबायचं, शेवटचा थेंब फुंकून बाहेर काढायचा नाही, टिप नळीच्या भिंतीला टेकवून द्रव सोडायचा. ही सवय मिठाच्या पाण्यावर लागली तरच ती विषाणूवर टिकते.

नंतर पेशीसंवर्धन. व्हेरो पेशी या कामाचा कणा आहेत. 1962 साली जपानमध्ये आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून त्या वेगळ्या केल्या गेल्या आणि पुष्कळ विषाणू त्यांत वाढतात. 37 अंश तापमान, 5 टक्के कार्बन डायऑक्साइड, ठरलेल्या दिवशी पेशी नव्या बाटलीत हलवणं, एवढंच काम दिसतं. घात होतो तो मायकोप्लाझ्मामुळे. या जिवाणूला पेशीभित्ती नसते म्हणून पेनिसिलिनचा त्याच्यावर परिणाम होत नाही, तो 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही निसटतो आणि माध्यम, म्हणजे पेशींचा पोषक द्रव, गढूळ होत नाही. पेशी दिसायला ठीक असतात, फक्त हळू वाढतात, आणि तुमचे सहा महिन्यांचे आकडे खोटे निघतात. म्हणून महिन्यातून एकदा चाचणी करायची, बाहेरून आलेली प्रत्येक बाटली चाचणीचा निकाल येईपर्यंत वेगळ्या इनक्यूबेटरमध्ये ठेवायची, आणि कमी वेळा हलवलेल्या पेशींच्या कुप्या उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये राखून ठेवायच्या.

प्लाक मोजणी हे तिसरं कौशल्य, आणि हाताची खरी परीक्षा इथेच होते. विषाणूचं द्रावण दहा-दहा पटींनी पातळ करत न्यायचं, पेशींच्या थरावर घालायचं, वर घट्टसर माध्यमाचा थर द्यायचा. काही दिवसांनी पेशी रंगवल्या की जिथे विषाणूनं पेशी मारल्या तिथे पांढरी गोल भोकं दिसतात. समजा एक लाख पट पातळ केलेल्या द्रावणाचे 0.2 मिलिलिटर घातले आणि 42 भोकं आली. 42 भागिले 0.2 म्हणजे 210, गुणिले एक लाख म्हणजे मिलिलिटरमागे 2 कोटी 10 लाख. आता पुढची, दहा लाख पट पातळ केलेली ताटली पहा. तिथे चारच्या आसपास भोकं हवीत. बारा दिसली तर कुठेतरी टिप बदलायची राहिली आणि आधीच्या नळीतला विषाणू पुढच्या नळीत गेला. भोकांच्या कडा पुसट असतील तर वरचा थर पातळ झाला होता. ताटलीच्या एकाच बाजूला पेशी उखडल्या असतील तर माध्यम तिथे जोरात ओतलं गेलं. हे सगळं आधी जिवाणूभक्षी विषाणूंवर किंवा लसीसाठी दुबळ्या केलेल्या विषाणूंवर शिका. शंभर ताटल्या झाल्या की दुसऱ्याची ताटली पाहूनही त्याचा हात कुठे चुकला ते कळायला लागतं.

पीसीआरबद्दल थोडक्यात. मिश्रण बनवायची खोली, नमुना घालायची खोली आणि यंत्राची खोली वेगळ्या असाव्यात आणि माणसानं, ॲप्रननं, पिपेटनं उलटं फिरू नये. नमुना न घातलेल्या नळीत सिग्नल आला तर त्या दिवसाचा कुठलाच निकाल पाठवायचा नाही, मग वरून कितीही फोन येवोत. नमुन्यातल्या विषाणूत दहा पट फरक म्हणजे साधारण 3.3 सायकलचा (प्रती दुप्पट करणाऱ्या फेऱ्यांचा) फरक. माहीत असलेल्या प्रमाणांच्या नमुन्यांवरून काढलेल्या प्रमाण रेषेत तो 3.1 ते 3.6 च्या बाहेर गेला तर अभिक्रियेतच काहीतरी बिघडलं आहे.

गाइड निवडताना

पीएचडीला चार ते सहा वर्षं धरा, त्यानंतर पोस्टडॉकची (पीएचडीनंतरच्या संशोधनाची) दोन ते पाच. विषाणू कुठला यापेक्षा गाइड कोण आणि सुविधा कुठली याला जास्त वजन द्या, कारण इन्फ्लुएन्झावर पक्कं शिकलेला माणूस निपाहकडे वळू शकतो, उलट कच्च्या हातांना इबोलाची पीएचडीही तारत नाही. अर्ज करण्याआधी तिथल्या सध्याच्या विद्यार्थ्यांना गाठून काही गोष्टी विचारा. बंदिस्त प्रयोगशाळा वर्षातून किती महिने देखभालीसाठी बंद असते? ती बंद असताना विद्यार्थी काय करतात? मागच्या वर्षी किती लहानमोठे अपघात नोंदवले गेले? शेवटच्या प्रश्नाला ‘एकही नाही’ असं उत्तर आलं तर सावध व्हा. जिथे माणसं काम करतात तिथे हातमोजे फाटतात, नळ्या सांडतात. एकही नोंद नसेल तर तिथे लोक सांगायला घाबरतात.

विषय ठरवताना त्याचा निम्मा भाग दुसऱ्या पातळीवर होऊ शकेल असा घ्या. स्यूडोव्हायरस हा त्यावरचा एक मार्ग. त्यावर धोकादायक विषाणूचं फक्त बाहेरचं प्रथिन असतं आणि तो पुन्हा वाढू शकत नाही. प्रतिपिंडं त्या प्रथिनाला अडवतात का, हे त्यावर तपासता येतं. मग बंदिस्त प्रयोगशाळा सहा महिने बंद राहिली तरी प्रबंध अडत नाही.

तिसऱ्या पातळीवर पाऊल ठेवताना

आत जाण्याआधी तुमच्या रक्ताचा नमुना घेऊन गोठवून ठेवतात. पुढे कधी ताप आला आणि रक्तात प्रतिपिंडं सापडली, तर ती आधीचीच होती की नवी, हे त्या नमुन्यावरून कळतं. लसी कामाप्रमाणे ठरतात. हिपॅटायटिस बीच्या तीन मात्रा शून्य, एक आणि सहा महिन्यांवर असतात, रेबीजच्या दोन मात्रा शून्य आणि सातव्या दिवशी, त्यामुळे रुजू होण्याच्या बऱ्याच आधी सुरुवात करावी लागते. एन-95 मास्क चेहऱ्याला नीट बसतो का हे पाहणारी फिट-टेस्ट प्रत्येकाची होते. दाढीचे खुंट असले तर मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही, मग दाढी काढायची किंवा डोक्यावरून घेण्याचा, पंख्यानं गाळलेली हवा देणारा हूड वापरायचा.

खरं काम जैवसुरक्षा कॅबिनेट या समोरून अर्धवट उघड्या पेटीत चालतं, आणि कॅबिनेट म्हणजे हवेचा पडदा. समोरून सेकंदाला अर्धा मीटर वेगानं हवा आत ओढली जाते आणि तोच तुमचा बचाव. त्यातला हेपा हा हवा गाळणारा फिल्टर 0.3 मायक्रॉनचे कण 99.97 टक्के अडवतो. विषाणू त्याहून लहान असले तरी निसटत नाहीत, कारण अतिसूक्ष्म कण हवेत इकडेतिकडे भरकटत तंतूंना चिकटतात आणि बहुधा ते थेंबांवर बसूनच फिरतात. पडदा फाटतो तो हातांमुळे. हात आडवे झटकून आत-बाहेर केले, समोरच्या जाळीवर वही ठेवली, मागून कुणी भरभर गेलं की आतली हवा बाहेर येते. म्हणून पंखा पाच मिनिटं आधी सुरू करायचा, लागणारं सगळं सामान एकदाच आत घ्यायचं, जाळीपासून किमान एक वीत आत काम करायचं, स्वच्छ वस्तू एका हाताला आणि घाण दुसऱ्या हाताला ठेवून एकाच दिशेनं जायचं. आत बर्नर पेटवायचा नाही, ज्योतीच्या उष्णतेनं हवेचा पडदा मोडतो.

सेंट्रिफ्यूज (नळ्या गरगर फिरवून द्रवातले घटक वेगळे करणारं यंत्र) थांबला तरी झाकण लगेच उघडायचं नाही. नळ्या बसवलेला बंद रोटर कॅबिनेटमध्ये नेऊनच उघडायचा. आत नळी तडकल्याची शंका आली तर झाकण बंदच ठेवून खोलीबाहेर पडायचं, निदान अर्धा तास थांबायचं आणि कळवायचं.

कपडे उतरवणं हे चढवण्यापेक्षा अवघड असतं. चढवताना तुम्ही ताजेतवाने असता, उतरवताना घामेजलेले आणि भुकेले. सरावासाठी हातमोज्यांवर अतिनील प्रकाशात चमकणारी पूड लावून, ठरलेल्या क्रमानं सगळं उतरवायचं आणि मग दिवा लावून पाहायचं. पहिल्या वेळी पूड बहुतेकांच्या मनगटावर आणि मानेवर सापडते. सलग काही वेळा अंगावर एकही ठिपका दिसला नाही की मगच खऱ्या कामाला सुरुवात करायची.

हवेच्या सूटमध्ये

चौथ्या पातळीच्या प्रयोगशाळा दोन प्रकारच्या असतात. एका प्रकारात विषाणू पूर्ण बंद कॅबिनेटच्या साखळीत असतो आणि माणूस बाहेरून हातमोज्यांतून काम करतो. दुसऱ्या प्रकारात माणूसच सूटमध्ये बंद असतो. दुसरा प्रकार जास्त आढळतो.

आत जाताना स्वतःचे सगळे कपडे, अंगठी, घड्याळ काढून प्रयोगशाळेचे कपडे, मोजे आणि आतले हातमोजे चढवायचे. मग सूटची तपासणी. हवा बाहेर जायच्या झडपा बंद करून सूट फुगवायचा आणि काही मिनिटं दाब टिकतो का ते पाहायचं. शंका आली तर शिवणींवर, चेनवर आणि बोटांच्या बेचक्यांत साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडा आला तिथे भोक आहे. बाहेरचे जाड हातमोजे मनगटाच्या कड्यावर बसवलेले असतात आणि ते ठरलेल्या मुदतीत बदलतात. सर्वांत आधी झिजतात ते हातमोजेच, म्हणून आत असताना दर काही मिनिटांनी बोटं पसरून त्यांच्याकडे नजर टाकायची सवय लागते.

सूटमध्ये छतावरच्या गुंडाळीदार नळीतून हवा येते आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त राहतो, म्हणजे भोक पडलं तरी हवा बाहेर जाईल, आत येणार नाही. हवेचा आवाज इतका असतो की बोललेलं ऐकू येत नाही. कानांत बोळे घालतात, हातांच्या खुणा ठरवतात, रेडिओ किंवा पाटी वापरतात. एका जागेहून दुसरीकडे जाताना नळी काढून पुढची जोडेपर्यंत सूटमधल्या उरलेल्या हवेवर श्वास चालतो. काच धुकटायला लागते, आणि नवखा माणूस तिथेच घाबरतो. त्यासाठी रिकाम्या, निर्जंतुक केलेल्या प्रयोगशाळेत आधी नुसतं चालायचा, नळ्या बदलायचा, खाली पडलेली पेन्सिल उचलायचा सराव असतो. एकटं आत जायचं नाही. पाणी, खाणं, शौचालय नाही, त्यामुळे एका वेळी तीन-चार तासांहून जास्त काम सहसा करत नाहीत. तीन थरांच्या हातमोज्यांत बाहेर एका तासात होणाऱ्या कामाला आत दोन-तीन तास लागतात, आणि प्रयोगाचा आराखडा त्या हिशेबानं करावा लागतो.

समजा बाहेरच्या हातमोज्याला चीर दिसली. हातातलं भांडं सावकाश खाली ठेवायचं, चिरेवर जंतुनाशक ओतायचं, जोडीदाराला खुणेनं दाखवायचं. दोघांनीही काम सोडून रासायनिक शॉवरकडे निघायचं. शॉवरमध्ये काही मिनिटं पूर्ण सूट जंतुनाशकानं धुतला जातो. बाहेर आल्यावर आतला हातमोजा काढून त्यात पाणी भरायचं आणि पिळून पाहायचं. पाणी गळालं नाही तर त्वचेपर्यंत काही गेलेलं नाही. गळालं तर आपत्कालीन क्रम सुरू होतो. ‘एवढी नळी संपवून जातो’ हा विचार मनात येणारच. त्या वेळी हात आपोआप थांबावा यासाठीच ते सराव असतात.

स्वतंत्रपणे काम करायची परवानगी मिळण्याआधी अनेक महिने अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली आत जावं लागतं. या काळात घाई दाखवू नका.

नमुना बाहेर काढताना

आतल्या कामाची भीती सगळ्यांना असते, म्हणून तिथे सगळे जपून असतात. ढिलाई होते ती ‘आता हा मेलेला आहे’ असं म्हणून नमुना बाहेर काढताना. 2014 च्या डिसेंबरमध्ये अटलांटाच्या सीडीसी या अमेरिकी रोगनियंत्रण संस्थेत इबोलाचा नमुना चुकून खालच्या पातळीच्या प्रयोगशाळेत गेला. संसर्ग झाला नाही, पण तिथल्या तंत्रज्ञावर 21 दिवस लक्ष ठेवावं लागलं, कारण इबोलाचा सुप्तकाळ तेवढा असू शकतो.

विषाणूचं आरएनए (जनुकीय द्रव्य) काढायच्या किटमधल्या नुसत्या लायसिस बफरनं, म्हणजे विषाणू फोडणाऱ्या द्रावणानं, इबोला पूर्ण मरतोच असं नाही, पुढच्या पायरीतलं इथेनॉलही घातल्यावर खात्री मिळते, असं तपासणीत दिसलं आहे. त्यामुळे किटच्या डब्यावर काय लिहिलंय यावर विसंबायचं नाही. नमुन्याचा प्रकार, आकारमान, वेळ आणि नळीच्या झाकणाची आतली बाजू, या सगळ्यांसह आपल्याच प्रयोगशाळेत ती पद्धत सिद्ध करायची. रसायन धुऊन काढून उरलेलं द्रावण पेशींवर घालायचं आणि दोन-तीन वेळा पुढे नव्या पेशींवर हलवूनही काहीच वाढत नाही हे दाखवायचं. सोबत जिवंत विषाणूची तुलना-नळी हवीच, नाहीतर पेशीच विषाणू वाढवण्याच्या अवस्थेत नव्हत्या ही शंका राहते. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक नळीसोबत दोघांच्या सह्यांचा कागद जातो.

ब्लीचबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. सोडियम हायपोक्लोराइटचं 5 टक्क्यांचं द्रावण दहा पट पातळ करून 0.5 टक्क्यांचं बनवतात आणि ते रोज ताजं करतात, कारण ते ठेवल्यावर उतरतं आणि रक्तासारख्या सेंद्रिय पदार्थात लवकर खर्ची पडतं. आणि गुआनिडिन हे रसायन असलेल्या लायसिस बफरमध्ये ब्लीच कधीही मिसळायचं नाही, त्यातून विषारी वायू निघतात. 70 टक्के अल्कोहोल बाहेरून चरबीचं वेष्टण असलेल्या विषाणूंवर चांगलं चालतं, पोलिओसारख्या वेष्टण नसलेल्यांवर त्याचा भरवसा धरू नये.

ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या, 121 अंशांच्या आकड्यावरही डोळे झाकून विश्वास नको. पिशवी घट्ट बांधली तर आत हवा कोंडते आणि वाफ मधोमध पोचतच नाही. बाहेर लावलेल्या, उष्णता दाखवणाऱ्या पट्टीचा रंग बदलतो, आत विषाणू जिवंत राहू शकतो. पिशवीचं तोंड सैल ठेवायचं, थोडं पाणी घालायचं आणि ठरावीक दिवसांनी जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या उष्णता सोसणाऱ्या जिवाणूच्या बीजाणूंची कुपी ढिगाच्या मधोमध ठेवून तपासायचं.

अपघात झाला तर

तिसऱ्या पातळीवर कॅबिनेटबाहेर नळी पडून फुटली, तर क्रम असा:

1. इतरांना मोठ्यानं सांगून, मग श्वास रोखून लगेच खोलीबाहेर पडायचं आणि दार लावून घ्यायचं.
2. कपड्यांवर उडालं असेल तर ते उतरवण्याच्या जागेतच काढून, अंग साबणानं धुवायचं.
3. जैवसुरक्षा अधिकाऱ्याला कळवायचं, दारावर पाटी लावायची, निदान अर्धा तास कुणीही आत जायचं नाही.
4. मग पूर्ण पोशाखात परत जाऊन सांडलेल्यावर शोषक कागद टाकायचे आणि जंतुनाशक बाहेरच्या कडेपासून आत ओतायचं. मध्ये ओतलं तर ते पसरतं.
5. 20 ते 30 मिनिटं थांबायचं. काचा चिमट्यानंच उचलायच्या.

कॅबिनेटमध्ये सांडलं तर पंखा बंद करायचा नाही.

सुईबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं. 1976 मध्ये इंग्लंडमधल्या पोर्टन डाउनला इबोला झालेल्या गिनीपिगच्या नमुन्यावर काम करताना एका संशोधकाला सुई टोचली. त्यानं हात ताबडतोब जंतुनाशकात बुडवला, तरी सहाव्या दिवशी इबोलाची लक्षणं दिसली. सुदैवानं तो वाचला. 2004 मध्ये कोल्त्सोवोला अशाच टोचण्यातून एका महिला तंत्रज्ञाचा दोन आठवड्यांत मृत्यू झाला. 2009 मध्ये हॅम्बुर्गला सुई तीन थरांच्या हातमोज्यांतून बोटाला लागली. तेव्हा प्रायोगिक असलेली लस कॅनडातून विमानानं मागवून दोन दिवसांच्या आत दिली गेली आणि ती व्यक्ती बरी राहिली. तिन्ही वेळा सुईच होती. जगातला कुठलाही सूट सुई थोपवत नाही.

म्हणून आधी विचारायचं की इथे सुई लागतेच का. काचेऐवजी प्लॅस्टिक, टोकदार कात्रीऐवजी बोथट कात्री, आणि प्राण्याला आधी पूर्ण भूल. सुईला टोपण परत लावायचं नाही, ती टाकायचा डबा हाताच्या अंतरावर असावा आणि तीन चतुर्थांश भरला की बदलावा. टोचलीच तर साबण-पाण्यानं 15 मिनिटं धुवायचं, पिळायचं नाही, आणि सांगायला एक मिनिटही उशीर करायचा नाही. इबोलाच्या झाइरे प्रकारासाठी आज मान्यताप्राप्त लस आणि प्रतिपिंड-औषधं आहेत, पण त्यांचा उपयोग वेळेवर अवलंबून आहे.

क्षेत्रकाम आणि नमुन्यांचा प्रवास

मारबर्गचा विषाणू इजिप्शियन फळवटवाघळांत राहतो, तर क्रिमियन-काँगो गोचिडांतून पसरतो, म्हणून कधीतरी गुहेत किंवा गोठ्यात उतरावं लागतं. वटवाघूळ हाताळायला नायट्राइलच्या (पातळ रबरी) हातमोज्यांवर चामडी हातमोजे लागतात आणि रेबीजची लस झालेली असावी लागते. कुप्यांवर साध्या पेननं लिहिलं तर ते अतिथंडीत पुसतं, शीतरोधी लेबल लागतात. द्रव नायट्रोजन शोषून ठेवलेला ड्राय-शिपर (नमुने गोठलेले नेण्याचं भांडं) रोज तोलायचा, वजन झपाट्यानं उतरलं तर तो गरम होतो आहे.

पाठवताना तीन आवरणं असतात. न गळणारी कुपी, सगळा द्रव शोषून घेईल इतका कापूस आणि दुसरं बंद भांडं, मग बाहेरचा कडक खोका. इबोलासारख्या कल्चरवर यूएन 2814 हा क्रमांक येतो, रोजच्या तपासणीच्या नमुन्यांवर यूएन 3373, कोरड्या बर्फाला यूएन 1845. कोरडा बर्फ दुसऱ्या भांड्याच्या बाहेर ठेवायचा आणि खोका हवाबंद करायचा नाही, नाहीतर वायूच्या दाबानं तो फुटतो. विमानानं धोकादायक माल पाठवण्याचं प्रशिक्षण दर दोन वर्षांनी नव्यानं घ्यावं लागतं. हे प्रमाणपत्र लवकर घेऊन ठेवा, कारण साथ आली की असं माणूस पहिल्यांदा शोधलं जातं.

संशोधनातला दुहेरी धोका

2011 साली एच5एन1 बर्ड फ्लूच्या विषाणूत बदल करून तो फेरेट या मुंगसासारख्या प्राण्यात हवेतून पसरतो असं दाखवणाऱ्या दोन कामांवरून जगभर वाद झाला आणि 2012 च्या जानेवारीत त्या क्षेत्रातल्या शास्त्रज्ञांनी असं काम स्वतःहून थांबवलं. तुमच्या प्रयोगातून विषाणू जास्त पसरणारा किंवा जास्त घातक होऊ शकतो का, हा प्रश्न प्रस्ताव लिहितानाच विचारला जातो. पार्श्वभूमीची तपासणी, कुप्यांची मोजदाद, कॅमेरे आणि दोन माणसांचा नियम हे सगळं या कामाचाच भाग आहे.

अर्ज करताना

पोस्टडॉक किंवा पहिल्या नोकरीच्या अर्जासोबत शोधनिबंधांच्या बरोबरीनं एक तक्ता जोडा: कुठल्या पातळीवर किती तास, कुठल्या पद्धती स्वतंत्रपणे, कुठल्या देखरेखीखाली, कुठल्या लसी आणि प्रशिक्षणं कुठल्या तारखेला, कुठलं प्रमाणपत्र कधी संपतं. प्राण्यांवरचं काम वेगळ्या ओळीत लिहा. शिफारसपत्र मागताना गाइडबरोबरच जैवसुरक्षा अधिकाऱ्याकडेही मागा, त्याचं पत्र इथे फार मोलाचं ठरतं. मुलाखतीत ‘तुमच्या हातून झालेली एक चूक सांगा’ असं विचारतात. काय झालं, कुणाला कधी कळवलं आणि नंतर कामाची पद्धत काय बदलली, या तीन गोष्टी तारखेसह सांगा. त्या तारखा तुमच्या वहीत असायला हव्यात, म्हणून पहिल्या दिवसापासून सांडलेला प्रत्येक थेंबही त्या वहीत तारीख घालून लिहा.